मिरजेतून ऐकलेले उबूवेब : प्रायोगिक ध्वनिकला आणि व्हिडिओ कलेचा एक मोफत संग्रह

उबूवेब हे संकेतस्थळ मी गेली सहा वर्षे जवळजवळ दर आठवड्याला उघडतो आहे आणि एवढ्या काळात त्याने माझे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा पैसे एकदाही मागितलेले नाहीत. ध्वनिकविता, प्रायोगिक संगीत, व्हिडिओ कला आणि चित्रपटगृहात कधीच न लागणारे लघुपट यांचा इतका मोठा साठा सर्वांसाठी मोकळा ठेवणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. मी मिरजेत राहतो. येथे गाण्याला तोटा नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारा संगीतोत्सव ऐकतच आमच्या पिढ्या वाढल्या आहेत. व्हिडिओ कला पाहायची झाली तर मात्र मुंबईची गाडी धरावी लागते, आणि प्रदर्शनाची मुदत संपली की ती कलाकृती पुन्हा कधी दृष्टीस पडेल याची शाश्वती नसते. अशा गावातल्या ऐकणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला हा संग्रह कितपत उपयोगी पडतो, या एका प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

न्यूयॉर्कचे कवी केनेथ गोल्डस्मिथ यांनी हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू केले. नाव घेतले आहे फ्रेंच नाटककार आल्फ्रेड जारी यांच्या नाटकातल्या उबू या राजाचे. आरंभी तेथे केवळ अक्षरांच्या मांडणीतून चित्र उभे करणाऱ्या कविता होत्या. पुढे इंटरनेटचा वेग वाढत गेला तशा ध्वनिफिती आल्या आणि त्यानंतर चित्रफिती. त्यामागे कोणत्याही संस्थेचे अनुदान नाही, देणग्या घेतल्या जात नाहीत, जाहिराती नाहीत. पानांची रचना आजही नव्वदीच्या दशकातली वाटावी इतकी साधी आहे : मुखपृष्ठावर विभागांची नावे, विभागात कलावंतांची नावे, आणि नावावर गेले की त्या कलावंताच्या ध्वनिमुद्रणांची किंवा चित्रपटांची यादी. 'तुम्हाला हेही आवडेल' असे कोणी सुचवत नाही आणि एक चित्रफीत संपल्यावर दुसरी आपोआप सुरू होत नाही. मला हा या संग्रहाचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण या प्रकारच्या कलेनंतर काही मिनिटे शांतता लागते आणि येथे ती मिळते.

नवख्या माणसाची अडचण याच साधेपणातून निर्माण होते, हेही तितकेच खरे. शेकडो अनोळखी परकी नावे समोर आली की कोठून आरंभ करावा हे समजत नाही. यावर उबूवेबवरच एक चांगला उपाय आहे : निरनिराळ्या कलावंतांनी आणि अभ्यासकांनी संग्रहातून निवडलेल्या दहा-दहा कृतींच्या याद्या तेथे आहेत. त्या वाटेने जाण्यास हरकत नाही. माझी वाट वेगळी होती आणि ती मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल असे मला वाटते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की, तारेचा मूळ स्वर जुळणे ही फक्त सुरुवात असते. कारागीर घोडीचा माथा अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, कान जवळ नेतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एक अशी जागा येते की बंद वाटणारा आवाज एकाएकी उघडतो आणि एका तारेतून अनेक स्वर झरू लागतात. भोपळा, लाकूड, घोडी आणि तार यांच्यात आधीपासून असलेले काहीतरी तेव्हा ऐकू येऊ लागते. ॲल्विन ल्युसिए या अमेरिकन संगीतकाराची 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ही १९६९ ची रचना मी उबूवेबवर प्रथम ऐकली, तेव्हा मला हीच जवारी आठवली. ल्युसिए एका खोलीत बसून एक छोटा परिच्छेद वाचतात. आपण काय करणार आहोत, हेच त्या परिच्छेदात सांगितलेले आहे. ते वाचन ध्वनिमुद्रित होते, त्याच खोलीत स्पीकरवरून वाजवले जाते आणि वाजताना पुन्हा मुद्रित केले जाते; मग ते दुसरे मुद्रण वाजवायचे आणि तिसरे करायचे. प्रत्येक खेपेला त्या खोलीच्या आकाराला मानवणारे स्वर बळावतात आणि बाकीचे मागे पडतात. चौथ्या-पाचव्या आवृत्तीत शब्दांच्या कडा झिजू लागतात आणि नंतर नंतर बोलणे ओळखू येईनासे होते. शेवटी शब्द उरत नाहीत. बोलण्याची लय आणि खोलीचा घुमणारा नाद तेवढा राहतो. ल्युसिए बोलताना अडखळत असत, आणि आपल्या बोलण्यातले खाचखळगे या क्रियेतून गुळगुळीत होतील असे ते त्या परिच्छेदात म्हणतात. हे वाक्य पहिल्यांदा येते तेव्हा ते त्यातल्याच एका शब्दावर अडखळतात. पंधरा मिनिटांनी तो अडखळाही सुरात विरघळलेला असतो. पुढे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीत हीच क्रिया बत्तीस आवृत्त्यांपर्यंत नेलेली असून ती सुमारे पंचेचाळीस मिनिटे चालते. परंतु पहिल्या भेटीला १९६९ ची छोटी आवृत्तीच योग्य. ती हेडफोन लावून, डोळे मिटून आणि मध्ये न थांबता ऐकावी. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकल्यास हाती काहीही लागणार नाही, कारण जे घडते ते खालच्या स्वरांत आणि सूक्ष्म घुमाऱ्यात घडते.

दुसरी कृती ध्वनिकवितेची. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांनी १९२२ ते १९३२ या दहा वर्षांत 'उर्सोनाट' ही दीर्घ रचना घडवली. तिच्यात शब्दकोशातले शब्द जवळजवळ नाहीत. 'फ्युम्स बो वो' अशा ध्वनींनी ती उघडते. हे बीज त्यांचे मित्र राउल हाउसमान यांच्या केवळ अक्षरांच्या एका कवितेतून आलेले होते. पाश्चात्त्य श्रोत्याला अर्थहीन अक्षरांची कविता हा मोठा धक्का असेलही. तराण्यातल्या 'दिर दिर तानोम'वर आणि तबल्याच्या बोलांवर पोसलेल्या आपल्या कानाला मात्र अर्थाविना चालणारी लय परकी नाही, आणि म्हणून आपण थेट पुढच्या प्रश्नाकडे जाऊ शकतो : ही रचना बांधलेली कशी आहे? तिला सोनाटा या पाश्चात्त्य संगीतरचनेसारखे चार भाग आहेत, पहिल्या भागात एक ध्वनिसमूह मुखड्यासारखा पुन्हा पुन्हा परत येतो, आणि तो कोणत्या वळणावरून परत येईल याची आपण समेची वाट पाहावी तशी वाट पाहू लागतो. उबूवेबवर श्विटर्स यांच्या पानावर ही रचना ऐकता येते. सलग ऐकण्याऐवजी पहिला भाग आधी दोनदा ऐकावा, असे मी सुचवीन.

तिसरी वाट किराणा घराण्याची आहे आणि ती प्रत्यक्ष नात्याची आहे. पंडित प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. म्हणजे ज्या घराण्याने आपल्याला सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी दिले त्याच घराण्याची ही दुसरी शाखा. १९७० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ला मॉन्टे यंग, मॅरियन झाझीला व टेरी रायली हे प्रायोगिक कलावंत त्यांचे गंडाबंध शागीर्द झाले. यंग यांचा दीर्घ, न हलणाऱ्या स्वराचा शोध त्यापूर्वीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला होता, त्यामुळे सारे श्रेय आपल्याकडे ओढण्याचे कारण नाही. तरीही मोजक्या स्वरांवर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या ज्या प्रवाहाला पुढे 'मिनिमलिझम' म्हटले गेले त्याच्या मध्यभागी तंबोरा आहे, ही गोष्ट मला उबूवेबमुळे पुस्तकातून नव्हे तर कानांनी कळली. एका संध्याकाळी प्राणनाथांचा संथ आलाप आणि लगेच त्यांच्या अमेरिकन शिष्यांची रचना असे ऐकून पाहावे. एकाच षड्जाकडे पाहण्याच्या दोन पद्धती किती जवळ येतात आणि कोठे दूर जातात, हे लख्ख ऐकू येते.

व्हिडिओ कलेकडे वळताना मी मुद्दाम एक छोटी कृती घेतो. मार्था रोझ्लर यांची 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' ही १९७५ ची कृष्णधवल चित्रफीत सहा-सात मिनिटांची आहे. कॅमेरा एका जागी ठेवलेला. टेबलामागे उभी असलेली स्त्री इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलते, तिचे नाव उच्चारते आणि ती कशी वापरतात ते दाखवते. चेहरा निर्विकार आहे, पण हात नाहीत. बर्फ फोडण्याचा टोच्या टेबलावर खुपसला जातो, सुरी हवेत भोसकली जाते, डावातला न दिसणारा पदार्थ ती खांद्यावरून बाजूला भिरकावून देते. शेवटच्या काही अक्षरांना वस्तूच नाहीत. तेथे सुरी आणि काटा हाती धरून ती आपल्या शरीरानेच अक्षरे रेखते. मी ही चित्रफीत आईला दाखवली. इंग्रजी शब्द तिला सगळे कळले नाहीत, पण पाहून झाल्यावर ती म्हणाली, "भांडी आपटत नाही बघ ती, भांड्यांकडून बोलवून घेतीय." या कृतीवर मी पुष्कळ वाचले आहे आणि त्या वाक्याहून नेमके काही मला सापडलेले नाही. व्हिडिओ कला समजण्यासाठी आधी सिद्धान्त वाचावे लागतात हा समज माझ्या मनातून त्या दिवशी गेला.

संग्रहात नियतकालिकेही आहेत. त्यांतले 'ॲस्पेन' हे १९६५ ते १९७१ या काळात निघालेले अमेरिकन नियतकालिक खोक्यातून येत असे, आणि त्या खोक्यात लेखांच्या पुस्तिकांबरोबर पातळ तबकड्या व एका अंकात चक्क चित्रपटाचे रीळ असे. त्याचे दहाही अंक येथे उलगडून ठेवले आहेत. 'टेलस' हे १९८३ ते १९९३ पर्यंत न्यूयॉर्कहून निघणारे नियतकालिक कॅसेटच्या रूपात येई. त्याचेही अंक ऐकता येतात. ज्यांना एखाद्या काळाचा सगळा माहोल हवा आहे त्यांनी एकेका कलावंतापेक्षा या अंकांकडे जावे.

आता उणिवांविषयी. चित्रांचा दर्जा अनेक ठिकाणी सामान्य आहे. पुष्कळ कृती जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या, कित्येकदा प्रतीच्या प्रतीवरून घेतलेल्या आहेत; रंग फिके पडलेले, कडा अस्पष्ट. मोठ्या पडद्यावर त्या पाहवत नाहीत. अनेक पडद्यांवर एकाच वेळी चालणारी, दालनात फिरून पाहायची कलाकृती येथे एका लहान चौकटीत बसवली जाते, तेव्हा तिचा देह हरवतो आणि केवळ नोंद उरते. संदर्भाची माहिती काही पानांवर भरपूर तर काही पानांवर नाव आणि वर्ष यांच्यापलीकडे जात नाही.

दर्जाच्या प्रश्नावर माझे मत मात्र आपल्याच एका उदाहरणाने बनलेले आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मिळालेल्या नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशातून मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र प्रयोग करावेत यासाठी ती जागा होती. चित्रकार नलिनी मालानी यांनी आपले आरंभीचे छायाचित्रांचे आणि चित्रपटांचे प्रयोग तेथेच केले. पदमसींनी त्या काळात दोन लघुपट केले. त्यांतला 'सिझिजी' आज आहे. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या दुसऱ्याची एकमेव प्रत हरवली. २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वयोवृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे त्याचा पुन्हा शोध घेतला, पण मूळ चित्रपट गेला तो गेलाच. त्याची एखादी धुरकट, प्रतीची प्रत कोणी कपाटात ठेवली असती तर आज आपण तिला डोक्यावर घेतले असते. म्हणून उबूवेबवरचे फिके रंग मला खटकले तरी मी तक्रार करत नाही.

अधिक गंभीर प्रश्न हक्कांचा आहे. उबूवेब बहुतेक कृती परवानगी न मागता ठेवते. ज्या बाजारात मिळेनाशा झाल्या आहेत त्यांवर भर देते, आणि कलावंताने किंवा हक्कधारकाने हरकत घेतल्यास ती कृती काढून टाकते. परवानग्या मागत बसलो असतो तर हा संग्रह उभाच राहिला नसता, अशी गोल्डस्मिथ यांची उघड भूमिका आहे. व्हिडिओ कलावंताचे उत्पन्न मोजक्या प्रतींच्या विक्रीतून आणि प्रदर्शनाच्या भाड्यातून येते. न्यूयॉर्कची 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स' ही १९७१ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा कृतींचे रीतसर वितरण आणि जतन करीत आली आहे. त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू खरी आणि वजनदार आहे. माझा स्वतःचा नियम असा की, येथे ऐकून जी कृती मनात राहिली तिची तबकडी किंवा अधिकृत प्रत मिळत असेल तर ती विकत घ्यावी, आणि सार्वजनिक ठिकाणी दाखवायची असेल तर वितरकाकडूनच मागवावी. शिकण्यासाठी एकट्याने पाहणे आणि तिकीट लावून दाखवणे यांत फरक आहे व तो पाळला पाहिजे.

भारताचा वाटा या संग्रहात फार थोडा आहे, आणि ती भर दुसरीकडे घालावी लागते. त्यासाठी 'पॅड.मा' हे संकेतस्थळ मी प्रत्येकाला सुचवतो. मुंबईची 'कॅम्प' ही कलावंतांची संस्था, बंगळुरूचा 'ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम', बर्लिनचा एक तंत्रज्ञ गट आणि मुंबईच्या 'मजलिस' व 'पॉइंट ऑफ व्ह्यू' या संस्था यांनी मिळून ते २००८ मध्ये खुले केले. तेथे भर तयार चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रीकरणावर आहे : संकलनात गळालेले तास, मुलाखती, रस्ते, सभा. चित्रफितीच्या खाली तिची सगळी चित्रे एका लांब पट्टीत दाबून बसवलेली दिसतात, त्यामुळे दृश्य कोठे बदलले, रात्र कोठे झाली हे न वाजवताच कळते. शेजारी मिनिटासेकंदांना जोडलेल्या टिपा, संभाषणाचे लिखित रूप आणि स्थळांची नोंद असते, आणि त्या मजकुरात शब्द टाकून नेमक्या क्षणापर्यंत पोहोचता येते. उबूवेबमध्ये ज्या संदर्भाची उणीव भासते तोच येथे सर्वांत भक्कम आहे. उलट उबूवेबमध्ये जी चोखंदळ निवड आहे ती येथे अपेक्षू नये. तासन्‌तास काहीच घडत नाही असे चित्रीकरणही पाहण्याची तयारी हवी.

ध्वनीच्या बाजूने भर घालायची तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील ध्वनिमुद्रणे ऐकावीत. १९६९ मध्ये डेव्हिड ट्युडर या अमेरिकन संगीतकाराने तेथे 'मूग' सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य, बसवून स्टुडिओ उभारला आणि १९७२ पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे काम केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल परगस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा निवडक संग्रह प्रसिद्ध झाला. गीता साराभाई पखवाज वाजवत. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला प्रायोगिक संगीतकार जॉन केज यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकताना त्यांनी केज यांना भारतीय संगीत शिकवले होते, आणि मन शांत करणे हे संगीताचे प्रयोजन असल्याचा साराभाई यांच्या गुरूंचा विचार केज यांनी आयुष्यभर सांगितला. केज यांचे पान उबूवेबवर उघडताना ही गोष्ट मनात असावी.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या व्हिडिओ सेवेवर मी अशा कृतींची यादी कष्टाने जमवली होती, आणि एका सकाळी तिच्यातल्या निम्म्या ओळींसमोर 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही' एवढेच उरले होते. उबूवेबनेही २०२४ मध्ये संग्रह पूर्ण झाल्याचे सांगून नवी भर घालणे थांबवले होते. जुने सर्व काही जागेवर राहिले, तरी त्या बातमीने मी हादरलो होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेतील आणि इतरत्र बदललेल्या राजकीय परिस्थितीचा उल्लेख करून, त्यांनी संग्रहाचे काम पुन्हा सुरू करत असल्याचे जाहीर केले. तरीही जी कृती पुन्हा ऐकावीशी वाटते ती स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. उबूवेब चालवणाऱ्यांचाही सल्ला तोच आहे. माझ्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये आज अशा चाळीसेक ध्वनिफिती आहेत. ल्युसिए यांची फीत गेल्या महिन्यात सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराला हेडफोनवर ऐकवली. त्यांनी पंधराही मिनिटे हातातले काम बाजूला ठेवले, आणि हेडफोन काढल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की ती खोली किती फूट बाय किती फूट होती.